खरं नाव कुठलं लिहू?

आई गेली नोव्हेंबर २०२४ मध्ये. दिवसकार्य उरकल्यावर भावानं तिचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं, तर साड्यांच्या घडीखाली एका मुदतठेवीची पावती निघाली. दोन लाख दहा हजारांची. नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, पण माहेरचं. यमुना, पुढे वडिलांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव. आईच्या लेखी मी कधी अश्विनी झालेच नव्हते.

भोगीच्या दिवशी, म्हणजे १३ जानेवारी २०२५ ला, ती पावती, आईच्या मृत्यूचा दाखला आणि माझं आधार घेऊन मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं सगळे कागद बघितले, क्लेमचा फॉर्म दिला आणि विचारलं, "यमुना मॅडम नाही आल्या?"

"मीच यमुना."

"पण तुम्ही तर अश्विनी आहात."

तिचं काही चुकत नव्हतं. माझ्याकडचा एकही कागद मी यमुना असल्याचं सांगत नव्हता.

आता थोडं मागचं. माझं लग्न १९९२ सालचं. आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या बाबतीत तर कारणही होतं. थोरल्या जावेचं नाव यमुनाच. एका घरात दोन यमुना कशा चालतील? ह्यांनी 'अश्विनी' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वाईट वाटलं होतं का, हे आज खरंच आठवत नाही. नव्या साड्या होत्या, नवं घर होतं, त्यात नवं नावही होतं.

बँकेनं लग्नाचा दाखला मागितला. तो नव्हता. आमचं लग्न मंगल कार्यालयात झालं, नोंदणी कुणी केलीच नाही, त्या काळी कुणी फारसं करतही नव्हतं. ज्यांची अशी जुनी लग्नं नोंदवायची राहिलीत त्यांच्यासाठी सांगते, ती आजही नोंदवता येतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह निबंधक असतात. 'नमुना ड' भरायचा, त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार. आमचे गुरुजी केव्हाच वारले होते, त्यांच्या सहीऐवजी प्रतिज्ञापत्र चाललं. पत्रिका मात्र आईनंच जपून ठेवलेली सापडली. तीवर 'चि. सौ. कां. यमुना' असं सोनेरी अक्षरात होतं. पत्रिका सांभाळून ठेवा, एवढंच म्हणेन.

तीन साक्षीदारांत एक थोरल्या वहिनी होत्या, म्हणजे त्याच जाऊबाई. निबंधकांच्या टेबलापाशी कारकुनानं "यमुना" असं पुकारलं आणि आम्ही दोघी एकदम उठलो. तेहतीस वर्षांनी पहिल्यांदाच. सही करून बाहेर आल्यावर वहिनी जिन्यात थांबल्या, गुडघा दाबत म्हणाल्या, "मला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं गं. मी म्हटलं असतं, राहू देत की दोघी."

मी काही बोलले नाही. रिक्षा मिळेपर्यंत दोघी तशाच उभ्या होतो.

दाखला मिळाला, पण बँकेतलं कोडं अर्धंच सुटलं. लग्नाच्या दाखल्यावर वधूचं नाव लग्नाआधीचं येतं. त्यामुळे आडनाव बदललं हे कळतं. पहिलं नावही बदललं हे त्यावर कुठंच येत नाही. बँकेनं मग एक तोडगा सांगितला, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशा मजकुराचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि सोबत हमीपत्र.

४ फेब्रुवारीला शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेर गेले. तिथं टायपिंगवाले बसतात तिथंच नोटरी मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्पपेपर जाऊन पाचशेचा आलाय, तेवढे पैसे जवळ ठेवा. टायपिंग आणि नोटरी मिळून माझे आणखी चारशे गेले. टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच असतो, तो फक्त नावं विचारतो. त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि म्हणाला, "बोला. खरं नाव कुठलं लिहू आणि उर्फ कुठलं?"

मला उत्तर देता येईना.

तुम्हाला हसू येईल, पण मी तिथं खरोखर अडकले. यमुना खरी म्हणावं, तर तिचं आयुष्य तेवीस वर्षांचं. अश्विनी तेहतीस वर्षं जगली. लेक अश्विनीला झाली. मार्केटयार्डातल्या एका गाळ्यावर एकोणीस वर्षं हिशेब अश्विनीनं लिहिले. मग अश्विनी खरी म्हणावं, तर कपाटातली ती पावती डोळ्यांपुढे येत होती. मागं चार माणसं उभी होती. टायपिंगवाला सवयीनं म्हणाला, "आधारवर काय आहे तेच खरं धरा, ताई." आणि त्यानं 'अश्विनी उर्फ यमुना' टाइप करून टाकलं. पुढं छापील वाक्य होतं, की या दोन भिन्न व्यक्ती नसून मी एकच व्यक्ती आहे. त्याखाली मी सही केली. सही अर्थातच अश्विनीची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेवीचे पैसे जमा झाले. काम संपलं होतं. पण तो 'उर्फ' डोक्यातून जाईना. हिशेब लिहिणारी बाई आहे मी. खातेवहीत एक बाजू जमा आणि दुसरी नावे. जे नावे पडतं ते येणं असतं. मला उगाच वाटायला लागलं की यमुनाच्या नावे काहीतरी पडून राहिलंय, आणि ते आईनं जाता जाता दाखवून दिलंय.

म्हटलं, मुळाशी जाऊ. पहिला कागद बघू. जन्माची नोंद.

माझा जन्म १९६९ चा, पुण्यातलाच. २४ मार्चला क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू विभागात अर्ज दिला. जन्मतारीख, दवाखान्याचं नाव, आईवडिलांची नावं आणि तेव्हाचा पत्ता एवढं लागतं. जुन्या नोंदी रजिस्टरांत असतात, शोधायला वेळ लागतो, म्हणून तारीख आणि पेठ नक्की माहीत असेल तरच जा. मला तीन चकरा पडल्या. तिसऱ्या वेळी कर्मचाऱ्यानं ओळीवर बोट ठेवून नोंद दाखवली. शाईनं लिहिलेलं वळणदार अक्षर. तारीख बरोबर. वडिलांचं नाव, आईचं नाव, राहणार कसबा पेठ. लिंग, स्त्री. आणि मुलाच्या नावाच्या रकान्यात काहीच नाही. कोरा.

"तेव्हा बारशाच्या आधीच नोंद व्हायची," तो म्हणाला. "नाव नंतर येऊन लावायचं असायचं. तुमच्याकडून कुणी आलेलं दिसत नाही."

अजूनही नाव लावता येईल का, असं विचारलं. कायद्यात त्यासाठी मुदत आहे, सरकार ती मधूनमधून वाढवतं, चौकशी करा, म्हणाला. मी केली नाही. तो उतारा घेऊन शनिवारवाड्याच्या समोर येऊन बसले आणि बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. मुळाशी काहीतरी 'खरं' असेल या हिशेबानं मी खणत गेले होते. तिथं तर कुणीच नव्हतं. एक मुलगी जन्मली, एवढंच. बारा दिवसांनी कुणीतरी तिच्या कानात यमुना म्हटलं. तेवीस वर्षांनी कुणीतरी तांदळात अश्विनी लिहिलं. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी चिडचिड व्हायला हवी होती. उलट हलकं वाटलं. आता निवड करायला मी मोकळी होते.

पाडव्याला घरात विषय काढला. ह्यांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे मी लिहिलेलं पुसणार?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते दुखावले होते. लेक पुण्यातच नोकरी करते, तिचं म्हणणं उलटं, करतेसच तर पूर्ण कर, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं. तिनंच सांगितलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आता नावानंतर आईचं नाव बंधनकारक आहे, मग वडिलांचं. "तूपण आजीचं नाव लाव."

दोन आठवडे विचार केला. शेवटी फक्त पहिलं नाव बदलायचं ठरवलं. मधलं नाव आणि आडनाव आहे तेच. लेक म्हणाली अर्धवट आहे. असेल. पण ते आडनाव तेहतीस वर्षं मीपण चालवलंय, दाराच्या पाटीला पितांबरी मीच लावते. ते आता कुणी दिलेलं राहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर पुरावे गोळा करायचा कंटाळाही होता. नाव किती बदलायचं हे ठरवताना, किती कागद बदलावे लागतील हेही मोजा. पहिलं नाव बदललं तरी सगळेच बदलावे लागतात, हे मला उशिरा कळलं.

आता राजपत्राचं, म्हणजे सरकारी गॅझेटचं. महाराष्ट्रात नावबदलाची जाहिरात महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येते, आणि अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. एका एजंटानं साडेतीन हजार मागितले. गरज नाही. लेकीनं एका संध्याकाळी भरून दिला. सरकारी शुल्काचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, तो बदलत असतो, भरताना दिसेल तोच खरा. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे भरताना एकेक अक्षर मोठ्यानं वाचा. छापून आल्यावर चूक निघाली तर पुन्हा वेगळी जाहिरात द्यावी लागते.

कारणाच्या रकान्यात मी आधी चार ओळी लिहिल्या होत्या, आई, पावती, सगळं. लेकीनं खोडलं. "लग्नापूर्वीचे मूळ नाव पुन्हा धारण करणे," बस.

१७ एप्रिलला अर्ज केला. २ मे ला परत आला. सही स्कॅन करताना फिकट आली होती. काळ्या पेननं, कोऱ्या कागदावर, जरा मोठी सही करा. पण इथंच मी पुन्हा अडखळले. सही कुठल्या नावाची? अर्जदार अजून अश्विनी होती, म्हणून तीच केली. ५ मे ला पुन्हा पाठवला. त्यानंतर पाच आठवडे रोज सकाळी चहाआधी संकेतस्थळ उघडून बघायचे. काही घडायचं नाही. त्यात मे महिना, घरात आंब्याच्या पेट्या, पाहुणे, आणि मधेच अवेळी लागलेला पाऊस.

जाहिरात आली १२ जूनच्या अंकात. वर लिहिलेलं, 'गुरुवार ते बुधवार', इंग्रजी तारखा आणि शेजारी ज्येष्ठ २२ ते २८, शके १९४७. राजपत्राचा अंक आठवड्याचा असतो. पीडीएफ उतरवून घ्यायची, डिजिटल सही असते, वेगळा शिक्का लागत नाही. आपलं पान आणि अंकाचं पहिलं पान, दोन्हीच्या चारपाच प्रती काढून ठेवा.

मी पूर्ण पान वाचलं. सगळं पान नुसतं जुनी नावं आणि नवी नावं. कुणी आडनावात एक इंग्रजी अक्षर वाढवलेलं, बहुधा ज्योतिषानं सांगितलेलं. कुणी आडनाव टाकून गावाचं नाव घेतलेलं. एकाचं जुनं नाव पुरुषाचं, नवं बाईचं. एका लहान मुलाचं आडनाव बदललेलं, त्यामागं काय घडलं असेल कोण जाणे. प्रत्येकाला फक्त दोन ओळी. कारण कुणाचंच छापलेलं नाही. आणि त्या जाहिरातींसोबत सूचना, की या भागातल्या जाहिरातींची कायदेशीर जबाबदारी शासन घेत नाही, ती जाहिरात देणाऱ्याची. ह्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि पहिल्यांदा हसले. "बघ, तू कोण आहेस याची जबाबदारी सरकारसुद्धा घेत नाही."

आठवड्यानं, २० जूनला, पालख्या पुण्यात आल्या. दरवर्षीप्रमाणे आमच्या भिशीच्या बायका नाना पेठेत पुऱ्या-भाजी वाटायला गेलो होतो. निवडुंगा विठोबाच्या रस्त्यावर चिखल आणि माणसं. एका वारकरी बाईंच्या हातात द्रोण दिला. त्या म्हणाल्या, "माऊली, जरा पाणी." मी म्हटलं, "घ्या माऊली." मागच्या बाबाला पुढं सरकायचं होतं, तोही म्हणाला, "माऊली, वाट द्या." पोलीसही माऊलीच म्हणत होता. पाच महिने नावामागं धावल्यावर तिथं उभं राहून मला हसायलाच यायला लागलं. इथं लाखभर माणसं एकाच नावावर चालली होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अडतं ते आधार केंद्रात. ८ जुलैला टपाल कार्यालयातल्या केंद्रावर टोकन घेऊन बसले. तासाभरानं ऑपरेटरनं पुकारलं. पुन्हा पुकारलं. मी माझी फाईल चाळत बसले होते. तिसऱ्यांदा तो उभा राहून ओरडला, "यमुना कोण आहे? नाही का?" तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझ्या फॉर्मकडे बघून मला ढोसलं. माझंच नाव, हट्टानं परत घेतलेलं, आणि मी ओ दिली नव्हती. उठून टेबलापर्यंत जाईस्तोवर कान तापले होते.

तिथं तुमच्या बाजूला एक वेगळा स्क्रीन असतो, त्यावर मराठी नाव नीट तपासा. इंग्रजीवरून मराठी आपोआप होतं. माझं 'यामुना' झालं होतं. लगेच दुरुस्त करून घेतलं. तेव्हा शुल्क पन्नास रुपये होतं, १ ऑक्टोबर २०२५ पासून ते पंचाहत्तर झालंय. २४ जुलैला अर्ज नामंजूर. चूक माझी. मी फक्त राजपत्र जोडलं होतं, जुन्या नावाचा ओळखपत्राचा पुरावा सोबत लागतो. नागपंचमीच्या दिवशी पुन्हा गेले, जुनं पॅन जोडलं, आणि १९ ऑगस्टला आधारवर यमुना उमटली. म्हणून सांगते, जुनी ओळखपत्रं रागानं फेकून देऊ नका. नव्या बाईची ओळख जुनीनंच पटवायची असते.

त्यानंतरचं सोपं. क्रम मात्र हाच ठेवा, आधार, मग पॅन, मग बँका, मग बाकीचं. पॅनच्या दुरुस्तीला एकशे सात रुपये लागले. मतदार यादीसाठी नमुना ८. भविष्यनिर्वाह निधीचं काम अजून चालूच आहे, तिथं जुन्या गाळ्याच्या शेठची सही लागली.

ह्यांचं म्हणाल तर घरात काहीच बदललं नाही. एकदा मी मोजायला बसले, ह्यांनी मला अश्विनी अशी हाक शेवटची कधी मारली. आठवेना. तेहतीस वर्षं 'अगं' वरच चाललंय. थोरल्या वहिनी मात्र आता फोनवर मुद्दाम "यमुना बोलतेय, यमुना आहे का?" असं विचारतात आणि स्वतःच खिदळतात.

सगळा खर्च मिळून, स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स, रिक्षा धरून, साडेपाच हजारांच्या आसपास गेला. त्यात रिक्षाच निम्म्या. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणजे माझी एक पाळी अजून शिल्लक आहे. लेक म्हणते, आजीच्या नावासाठी ठेव.

लक्ष्मीपूजनाला गाळ्यावर वहीपूजनाला गेले होते, निधीच्या फॉर्मवर सहीपण हवी होती. शेठनी राजपत्राचं पान चष्मा वर करून वाचलं, सही केली, आणि जरा घुटमळत म्हणाले, "मग आता आम्ही काय हाक मारायची?"

"अश्विनीताईच म्हणा," मी म्हटलं. "ओ देईन."